निस्तरणारा माणूस

आमच्या आईच्या बोलण्यात ‘निस्तरणे’ हे क्रियापद फार यायचे. दूध उतू गेले, वाण्याचा हिशेब चुकला, पाहुण्यांना भलताच निरोप गेला, की ती म्हणायची, “केलंस ना? आता निस्तर.” लहानपणी मला वाटायचे की ज्याने घोळ घातला त्यानेच तो निस्तरायचा, अशी जगाची रीत असावी. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात तीस वर्षे काढली, तेव्हा कळले की घोळ घालणारा सहसा घरी जाऊन जेवून झोपलेला असतो आणि निस्तरायला रात्री दोन वाजता दुसऱ्याच कोणाला तरी उठवले जाते. आईच्या बाबतीतही ते खरेच होते. “निस्तर” म्हणून ती पदर खोचायची आणि सांडलेले दूध स्वतःच पुसायची.

माझ्या या सवयीमुळे असेल, पण फुटबॉल पाहताना माझी नजर गोल करणाऱ्यावर फार वेळ ठरत नाही. चेंडू आपल्या संघाकडून निसटला की तो परत मिळवायला कोण धावतो, हे मी आधी पाहतो. अशा धावणाऱ्यांमध्ये माझा सर्वांत आवडता खेळाडू म्हणजे इंग्लंडचा पीटर रीड. खेळाडूंविषयी आपण एकेरीतच बोलतो, त्यात अनादर नसतो. शिवाय ज्याला रात्री जागून दूरदर्शनवर पाहिले, त्याला अहो-जाहो करणे मला जमणार नाही.

हा रीड एके दिवशी मुंबई सिटी संघाचा मॅनेजर म्हणून चक्क आमच्या नेरूळला आला. शनिवार, १८ ऑक्टोबर २०१४. तीन दिवसांपूर्वी विधानसभेचे मतदान झाले होते, दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती आणि दिवाळी तोंडावर आली होती. इंडियन सुपर लीगचा तो पहिलाच हंगाम, आणि डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी आणि पुणे सिटी यांची गाठ होती. सहा दिवस आधी कोलकात्यात, स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यात, मुंबईने तीन गोल खाल्ले होते. मी माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा अकरावीत होता आणि त्याला मैदानातले सगळे परदेशी खेळाडू तोंडपाठ होते. पुण्याकडे त्रेझेगे होता. मुंबईकडे आनेल्का येणार होता, पण इंग्लंडमधल्या बंदीमुळे तो अजून मैदानात उतरलेला नव्हता. मैदानाच्या कडेला ऑक्टोबरच्या उकाड्यात उभ्या असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या माणसाकडे बोट दाखवून मी म्हणालो, “तो बघ, पीटर रीड.” भाचा म्हणाला, “कोण?”

त्या “कोण?”चे उत्तर देताना मी त्या संध्याकाळी बराच अडखळलो. आनेल्का कोण, हे एका वाक्यात सांगता येते. रीड कोण, हे सांगायला माणसाला जरा बसवून घ्यावे लागते.

लिव्हरपूलच्या पूर्वेला हायटन नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन याच मतदारसंघातून निवडून येत आणि पुढे स्टीव्हन जेरार्डही याच वस्तीत वाढला. २० जून १९५६ रोजी रीडचा जन्म तिथे झाला. १९७४ मध्ये तो बोल्टन वाँडरर्सकडून खेळू लागला आणि १९७८ मध्ये हा संघ दुसऱ्या विभागाचा विजेता होऊन पहिल्या विभागात चढला, तेव्हा मधल्या फळीचा कणा तो होता. त्या संघाच्या बचावफळीत सॅम अ‍ॅलर्डाइस होता, जो पुढे स्वतःच बुडणाऱ्या संघांना वाचवणारा मॅनेजर म्हणून प्रसिद्ध झाला. एकाच संघातून असे दोन ‘निस्तरणारे’ निघावेत, याची मला गंमत वाटते. त्या गावच्या पाण्यातच काही असेल कदाचित.

मग दुखापती सुरू झाल्या. गुडघा गेला, पाय मोडला, महिनेच्या महिने वाया गेले. १९८० च्या सुमाराला लिव्हरपूल शहरातलाच क्लब असलेले एव्हर्टन त्याच्यासाठी सुमारे सहा लाख पौंड मोजायला तयार होते, पण तो व्यवहार झाला नाही. डिसेंबर १९८२ मध्ये त्याच एव्हर्टनने त्याला विकत घेतले ते ६० हजार पौंडांना. दोन वर्षांत किंमत एक दशांशावर आली. कारखान्यात आम्ही जुना पंप घेताना असाच विचार करायचो की चालला तर चालला, नाहीतर सुट्या भागांना येईल.

हा पंप चालला. एव्हर्टनचा मॅनेजर हॉवर्ड केंडल तेव्हा स्वतःच अडचणीत होता. १९८३ च्या अखेरीस संघ इतका रडतखडत खेळत होता की गुडिसन पार्कवरचे प्रेक्षक केंडलच्या राजीनाम्याची मागणी करत होते. जानेवारी १९८४ मध्ये ऑक्सफर्डविरुद्ध लीग चषकाच्या सामन्यात एव्हर्टन एका गोलने मागे पडले होते आणि वेळ संपत आली होती. ऑक्सफर्डच्या केव्हिन ब्रॉकपाशी चेंडू होता. रीड त्याच्या अंगावर धावून गेला, ब्रॉक गडबडला, त्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू जोर कमी पडल्याने वाटेतच रेंगाळला आणि एड्रियन हीथने तो हेरून गोल केला. एव्हर्टनचे जुने प्रेक्षक आजही म्हणतात की सगळे दिवस त्या क्षणापासून पालटले. नोंदवहीत तो गोल हीथचा आहे. ब्रॉकची चूकही नोंदली गेली आहे. त्या चुकीच्या आधी जो माणूस धावला, त्याच्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात एव्हर्टनने एफ. ए. चषक जिंकला. पुढच्या, म्हणजे १९८४-८५ च्या हंगामात ९० गुणांसह लीगचे विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरचे लिव्हरपूल तब्बल १३ गुणांनी मागे राहिले. युरोपीय कप विनर्स चषकाच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकला गुडिसन पार्कवर ३-१ असे हरवले. ज्यांनी तो सामना मैदानात बसून पाहिला ते अजूनही दुसऱ्या कोणत्या सामन्याविषयी बोलू देत नाहीत. अंतिम सामना १५ मे १९८५ रोजी रॉटरडॅमला झाला आणि रॅपिड व्हिएन्नाही ३-१ असेच हरले. मधल्या फळीत रीड आणि पॉल ब्रेसवेल ही जोडी होती. दोघेही उंचीने बेताचे, दोघांनाही डोळे दिपवणारे काही येत नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि तो न मिरवता जवळच्या, अधिक चांगल्या खेळाडूला द्यायचा, एवढेच त्यांचे काम होते. हे काम किती अवघड आहे, हे बाहेरच्याला कळत नाही, पण बरोबरीच्यांना कळते. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी रीडची निवड केली. मला स्वतःला पत्रकारांनी दिलेल्या पुरस्कारापेक्षा या पुरस्काराचे मोल जास्त वाटते. पाळीवरच्या फिटरने “साहेब, तुम्ही होता म्हणून झालं” म्हणावे, तसे ते आहे.

पण रॉटरडॅमनंतर तीनच दिवसांनी वेम्बलीवर एफ. ए. चषकाचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडशी होता. थकलेल्या एव्हर्टनकडून गोल होत नव्हता. युनायटेडच्या बचावफळीतला एक पास रीडने मधेच हेरला आणि तो एकटाच गोलच्या दिशेने निघाला. केव्हिन मोरनने त्याला आडवे केले. पंचांनी मोरनला बाहेर काढले आणि या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या इतिहासात मैदानाबाहेर काढलेला तो पहिला खेळाडू ठरला. तर्काप्रमाणे इथून पुढे अकरा जणांच्या एव्हर्टनने जिंकायला हवे होते. जादा वेळेत दहा जणांच्या युनायटेडकडून नॉर्मन व्हाइटसाइडने गोल केला आणि एव्हर्टन हरले. आणखी ११ दिवसांनी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्याआधी दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मेली. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांवर युरोपात खेळण्याची बंदी आली आणि लीगचे विजेते एव्हर्टन युरोपीय चषकात उतरूच शकले नाहीत. दुसऱ्यांनी केलेले निस्तरण्याची वेळ त्या संघावर आली, असे म्हणावेसे वाटते; पण ३९ मृतांपुढे फुटबॉल संघाच्या हळहळीचा हिशेब मांडू नये, हेही खरे.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात रीड पहिल्यांदा खेळला तो जून १९८५ मध्ये, म्हणजे एकोणतिसावे वर्ष पुरे होत असताना. एकूण सामने १३, गोल शून्य. १९८६ च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात तो गेला तो राखीव म्हणूनच. पहिल्या सामन्यात इंग्लंड पोर्तुगालकडून हरले, दुसऱ्यात मोरोक्कोशी गोलशून्य बरोबरी झाली. त्यात कर्णधार ब्रायन रॉबसनचा खांदा निखळला आणि रे विल्किन्सला पंचांनी बाहेर काढले. मधली फळी अशी उघडी पडल्यावर प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांना रीडची आठवण झाली. पोलंडविरुद्ध तो खेळला, लिनेकरने तीन गोल केले, इंग्लंड ३-० ने जिंकले. पुढे पॅराग्वेलाही ३-० ने हरवले. मग आली २२ जूनची उपांत्यपूर्व फेरी, आझ्टेका मैदान, अर्जेंटिना. रीडला तीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.

मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता सुरू झालेला तो सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला लागला. बाहेर जूनचा पाऊस होता. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या खोलीत आम्ही वीसेक जण कोंबून बसलो होतो आणि अँटेना धरून उभे राहायला एकाला गच्चीवर छत्री घेऊन पाठवले होते. त्या बिचाऱ्याने शतकातला सर्वोत्तम गोल पाहिला नाही, पण आम्हाला तो त्याच्यामुळेच दिसला. मॅराडोनाने हाताने केलेल्या गोलावरून खोलीत भांडण जुंपले होते. त्या भांडणातच चार मिनिटे गेली आणि पुन्हा त्याच्या पायात चेंडू आला, तोही अर्जेंटिनाच्याच अर्ध्या भागात. त्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या जर्सीतले दोघे, बिअर्डस्ली आणि रीड. तो त्यांच्यामध्ये गर्रकन वळला, निसटला आणि धावू लागला. सुमारे ६० मीटर अंतर, जेमतेम दहा सेकंद. बुचर मागे पडला, फेन्विक मागे पडला, शेवटी गोलरक्षक शिल्टनही.

त्या दहा सेकंदांतला रीड मी आजवर शेकडो वेळा पाहिला असेल. पाठीवर १६ क्रमांक, अकाली पिकू लागलेले केस, आणि चेंडू पायात घेऊन धावणाऱ्या माणसाला मोकळ्या पायांनीही न गाठता येणारी ती धाव. रीडने स्वतः नंतर अनेकदा या गोलाविषयी विनोदाने सांगितले आहे. पण एक गोष्ट त्या चित्रफितीतच दिसते, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मॅराडोना वळला तेव्हा बिअर्डस्लीची धाव लगेच थंडावली. तो आघाडीचा खेळाडू होता, मागे धावणे त्याचे काम नव्हते. रीडला मात्र थांबता येत नव्हते. गाठता येणार नाही हे पहिल्या तीन ढांगांतच कळले असणार, तरी तो धावत राहिला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत जगाने लक्षपूर्वक पाहिलेला प्रसंग कोणता, तर त्याला जे सर्वांत चांगले येत होते तेच त्या दिवशी कमी पडले तो. एकोणसत्तराव्या मिनिटाला त्याला बदलून वॉडलला आणले. इंग्लंड १-२ ने हरले.

इंग्लंडमध्ये ‘मॅनेजर’ या शब्दाचा अर्थ आपल्या ‘प्रशिक्षक’ या शब्दाहून मोठा होता. त्या काळचा मॅनेजर संघ निवडायचा, सराव घ्यायचा, खेळाडू खरेदी करायचा, विकायचा, पोरांच्या आईवडिलांशी बोलायचा आणि प्रसंगी मालकाशी भांडायचा. मराठीत ‘कारभारी’ म्हटले तर ते बरेच जवळ जाते. नोव्हेंबर १९९० मध्ये केंडल मँचेस्टर सिटी सोडून अचानक एव्हर्टनला परतला, तेव्हा तिथे त्याच्या हाताखाली खेळत असलेल्या रीडकडे कारभार आला, आणि तोही खेळता खेळता. सिटीचा तो पहिला खेळाडू-मॅनेजर. आजच्या अब्जाधीश सिटीची सवय झालेल्यांना सांगायला हवे की तेव्हा या क्लबला कोणी विचारत नव्हते. अशा संघाला त्याने लागोपाठ दोन हंगामांत पाचवा क्रमांक मिळवून दिला आणि १९९१ मध्ये सिटी शेजारच्या युनायटेडच्याही वर राहिले. तिसऱ्या हंगामात नववा क्रमांक आला आणि चौथा हंगाम सुरू होऊन चार सामने होताहेत तोच, ऑगस्ट १९९३ मध्ये, त्याला काढून टाकले. त्याचा संघ चेंडू फार उंच आणि लांब मारतो, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. स्वतः मैदानात चेंडू जवळ देणारा हा माणूस मॅनेजर झाल्यावर लांब चेंडूच्या वाटेला का गेला, याचे मला नेहमी नवल वाटले आहे.

मार्च १९९५. संडरलँड दुसऱ्या विभागातूनही खाली घसरण्याच्या बेतात होते आणि हंगामाचे सात सामने उरले होते. अशा वेळी फोन कोणाला जातो, हे वाचकाला एव्हाना कळले असेल. रीडने संघ वाचवला. पुढच्या वर्षी तोच संघ त्या विभागाचा विजेता होऊन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात पोहोचला. हाताशी जुना सोबती ब्रेसवेल होता. प्रेक्षकांनी रीडच्या सदा गंभीर चेहऱ्यावर एक गाणेच रचले, त्यात त्याला जरा हसायला सांगितले होते.

संडरलँड हे जहाजे बांधणाऱ्यांचे आणि खाणकामगारांचे शहर. १९८८ मध्ये शेवटच्या जहाजगोद्या बंद झाल्या, १९९३ च्या अखेरीस माँकवेअरमथची कोळशाची खाण बंद झाली. गिरणगाव बंद पडताना पाहिलेल्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथे खाणीच्या जागेवर क्लबने फुटबॉलचे मैदान बांधले आणि बाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती उभारली. १९९७ च्या जुलैमध्ये हे मैदान उघडले तेव्हा संघ मात्र नुकताच पुन्हा खाली घसरला होता. ४० गुण मिळवूनही अखेरच्या दिवशी विम्बल्डनकडून हरल्यामुळे एका गुणाने घात झाला होता. मे १९९८ मध्ये वर चढण्याची संधी आली ती वेम्बलीवर, चार्ल्टनविरुद्ध. सामना ४-४. पेनल्टी शूटआऊटमध्ये एकामागून एक तेरा जणांनी गोल केले आणि चौदाव्या मायकल ग्रेचा फटका गोलरक्षकाने अडवला. ग्रे संडरलँडचाच, त्याच गावचा पोरगा.

असा पराभव संघाला मुळापासून खचवतो. ज्याने पेनल्टी घालवली त्याला विकून टाकतात किंवा तो स्वतः गाव सोडतो. रीडने ग्रेला ठेवले, बाकीचा संघही बहुतेक तसाच ठेवला, आणि पुढच्या हंगामात या संघाने ४६ सामन्यांत फक्त तीन पराभव पत्करून १०५ गुण मिळवले. इतके गुण त्याआधी त्या विभागात कोणीच मिळवले नव्हते. ग्रे त्याच हंगामात इंग्लंडकडूनही खेळला. मला विचाराल तर रीडच्या मॅनेजरकीचे सर्वांत मोठे काम हेच. १०५ हा आकडा सगळे सांगतात. त्या उन्हाळ्यात त्याने त्या मुलाला आणि त्या ड्रेसिंग रूमला कसे सांभाळले असेल, ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

त्यानंतर दोन वर्षे संडरलँड प्रीमियर लीगमध्ये सातवे आले. वॉटफर्डकडून सव्वातीन लाख पौंडांत आणलेल्या केव्हिन फिलिप्सने १९९९-२००० च्या हंगामात ३० गोल केले आणि युरोपातला सर्वाधिक गोल करणाऱ्याचा सोन्याचा बूट मिळवणारा तो पहिला इंग्रज ठरला. त्याच्या जोडीला उंचापुरा नायल क्विन, डोक्याने चेंडू खाली टाकणारा. ऑगस्ट १९९९ च्या एका धो-धो पावसाच्या रात्री याच दोघांच्या गोलांवर संडरलँडने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानात हरवले आणि तीन दिवसांत न्यूकॅसलचा मॅनेजर रूड गुलिट घरी गेला. पावसात निस्तरायला रीडची माणसे सरावलेली होती, एवढे म्हणून पुढे जातो.

कारण पुढचा भाग मला अधिक जवळचा आहे. देखभालीच्या कामात एक गोष्ट हळूहळू कळते. दुसऱ्याने बिघडवलेले यंत्र दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण त्याचा बिघडलेला आवाज आपल्याला पहिल्याच दिवशी ऐकू येतो. आपण स्वतः जुळवलेल्या, पाच-सहा वर्षे रोज कानावर पडणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला तर तो आपल्यालाच शेवटी कळतो. क्विन थकला, फिलिप्सचे गोल आटले, त्यांच्या जागी आणलेली माणसे महाग होती आणि त्या तोलाची नव्हती. २००२ मध्ये संडरलँड सतराव्या क्रमांकावर जेमतेम तगले आणि ऑक्टोबरमध्ये रीडला निरोप मिळाला. त्याच्यानंतर तो संघ अवघ्या १९ गुणांवर तळाला गेला, हा त्याच्या बाजूचा पुरावा म्हणायचा की त्याने मागे काय ठेवले याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पाचच महिन्यांत पुन्हा फोन. या वेळी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले लीड्स, हंगामाचे आठ सामने शिल्लक. ४ मे २००३ रोजी लीड्सने आर्सेनलला त्यांच्याच हायबरी मैदानावर ३-२ असे हरवले. लीड्स वाचले आणि त्याच निकालाने लीगचे विजेतेपद मँचेस्टर युनायटेडच्या पदरात पडले. नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथकडून १-६ असा मार खाल्ल्यावर रीडचे काम गेले. बोलावताना घाई, काढतानाही घाई. कव्हेंट्रीत काही महिने, मग थायलंडच्या राष्ट्रीय संघाकडे एक वर्ष.

२०१० मध्ये तो प्लिमथला गेला आणि त्याच्या तिथल्या एका कृतीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला. क्लब दिवाळखोरीच्या दारात होता. खेळाडूंचे, कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले होते, रीडचाही. क्लबचे हीटिंगचे बिल त्याने स्वतःच्या खिशातून भरल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. क्लबसाठी पैसे उभे करायला एक लिलाव झाला, त्यात त्याने आपले १९८६ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्याचे पदक दिले. ते उपविजेत्याचे पदक होते. लिव्हरपूलकडून १-३ असे हरल्यावर मिळालेले. पराभवाचे पदक माणूस फेकून देत नाही आणि भिंतीवरही लावत नाही, कपाटात कुठेतरी ठेवतो. त्या पदकाचा कोणाला तरी उपयोग झाला. क्लब प्रशासकांच्या हाती गेला, १० गुण कापले गेले, संघ चौथ्या विभागात घसरला आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये, पराभवांची रांग लागल्यावर, रीडलाही काढले गेले.

अशा माणसाला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईने बोलावले. सिनेनट रणबीर कपूर सहमालक असलेला संघ, युंगबेरी आणि आनेल्का ही जाहिरातीतली नावे. भारतीय खेळाडू आणि बरेचसे परदेशीही ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीने, त्याच्या येण्याआधीच निवडले गेले होते. जुन्या अर्थाने तो इथे कारभारी नव्हताच. दुसऱ्यांनी भरलेल्या पिशवीतून स्वयंपाक करायला बोलावलेला आचारी होता. युंगबेरी बहुतेक काळ जायबंदी राहिला. १४ सामन्यांत मुंबईचे गोल झाले १२ आणि आठ संघांत क्रमांक आला सातवा. पुढच्या वर्षी आनेल्काच खेळाडू-मॅनेजर झाला, जे काम रीडने चोवीस वर्षांपूर्वी मँचेस्टरला केले होते. त्या वर्षीच्या क्रिकेटच्या आणि निवडणुकीच्या बातम्यांत रीडच्या जाण्याची ओळ मला शोधावी लागली.

त्या शनिवारी मात्र सगळे जुळून आले होते. मुंबईने पुण्याला ५-० असे धुऊन काढले. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल केले, या स्पर्धेतली ती पहिलीच हॅटट्रिक. भाचा घसा बसेपर्यंत ओरडला. नेरूळ स्थानकावर येईपर्यंत तो मोरित्झविषयीच बोलत होता आणि गाडीत खिडकीची जागा मिळाल्यावर एकदम म्हणाला, “मामा, तो म्हातारा कोण म्हणालास?”

मी सांगायला लागलो, पण हायटनपासून सुरुवात केली तर कुर्ला येईपर्यंत बोल्टनही संपणार नाही, हे माझ्या लक्षात आले. म्हणून म्हटले, मोबाइलवर मॅराडोनाचा तो गोल लाव. त्याने तो आधी अनेकदा पाहिला होता. “या वेळी मॅराडोनाकडे बघू नकोस,” मी म्हणालो, “सोळा नंबरकडे बघ.” सानपाडा गेले, वाशी गेले. गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा मॅराडोना दोघांमधून वळला आणि नेमके तिथेच नेटवर्क गेले. पडद्याच्या मध्यभागी ते छोटे चाक गोल फिरू लागले. निळी जर्सी चौकटीच्या कडेला पोहोचली होती आणि तिच्या मागे, पुढचा पाय हवेत उचललेला, रीड.

“हा गाठणार का त्याला?” भाच्याने विचारले, उत्तर माहीत असूनही विचारले.

“थांब,” मी म्हणालो, “मानखुर्द येऊ दे.”